सामाईक शंभर एमबी

२०१६ सालच्या एप्रिलमधला एक शनिवार, सकाळची वेळ. ठरलेली रक्कम बाराशे रुपये, काम झालं तर. नाही झालं तर काही नाही. हजर माणसं चार: दत्तात्रयराव, त्यांचा धाकटा भाऊ विलास, दोघांची थोरली बहीण आक्का, आणि मी. जागा हर्सूलची, या भावांचं एका खोलीचं ऑफिस. टेबलावर दोघांचा मिळून एक कॉम्प्युटर होता. त्याचा पडदा काळा पडला होता आणि त्यावर इंग्रजीत एवढंच आलं होतं, की असा कोणताही भाग या डिस्कवर नाही.

"नाय म्हणायलंय ते," विलास म्हणाला. "माझा भाग नायच म्हणायलंय."

रक्कम आणि हजर माणसं आधी सांगायची सवय मला धंद्यानं लावली. गारखेड्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी वीस-बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केले. यंत्र बरं झालं की गिऱ्हाईक काय ठरलं होतं ते विसरतं, आणि बिघडलं की जे ठरलंच नव्हतं तेही त्याला आठवतं. म्हणून जे बोलायचं ते आधी आणि सगळ्यांसमोर.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॉम्प्युटर चालू केला की त्याचा सगळा कारभार जो मूळ प्रोग्रॅम हातात घेतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बहुतेकांकडे विंडोज असते. काहींना लिनक्स लागते. ती फुकट मिळते आणि अभ्यासाची बरीच कामं तिच्यात सोपी जातात. एकाच यंत्रावर या दोन्ही ठेवता येतात. चालू करताना पडद्यावर दोन नावं येतात, बाणाची कळ दाबून हवं ते निवडायचं. एका वेळी कारभार एकीचाच. दोघींची राहायची जागा मात्र एकाच डिस्कवर, मध्ये हद्द घालून. या भागांना आम्ही पार्टिशन म्हणतो. रोजच्या कामात काही अडत नाही. अडतं ते अपग्रेड करताना. जुनी विंडोज काढून नवी घालायला गेलं, की ती घरात आपण एकटेच आहोत असं धरून चालते.

अशी दुहेरी यंत्रं माझ्याकडे बरीच आली. आमच्याच गल्लीतल्या एका गुरुजींचं आठवतं. ते विंडोजवर कुंडल्या करत, मुलगा रात्री लिनक्सवर अभ्यास करी. आता या दोघींची घड्याळाची रीत वेगळी. यंत्राच्या आत घड्याळ एकच असतं. त्यातली वेळ विंडोज इथली समजते आणि लिनक्स लंडनकडची. मुलानं अभ्यास करून बंद केलं की सकाळी गुरुजींचं घड्याळ साडेपाच तास मागं. इंटरनेट नव्हतं, त्यामुळे ते आपोआप सुधारतही नव्हतं. जन्मकुंडलीला याचा त्रास नाही, तिथं वेळ आपण सांगतो. प्रश्नकुंडली मात्र विचारणारा येऊन बसतो त्या घटकेची मांडतात, आणि ती घटका प्रोग्रॅम घड्याळातून उचलत होता. महिनाभर हे चाललं होतं. मी घड्याळ नीट करून दिलं तेव्हा गुरुजींनी डोळे मिटून हिशेब केला आणि म्हणाले, "तक्रार तर कुणाची आली नाही." मीही पुढं काही विचारलं नाही.

दत्तात्रयराव आणि विलास पहिल्यांदा आले ते २०१३ च्या उन्हाळ्यात. तोही दुष्काळाचाच उन्हाळा. त्यांची शेती हर्सूलकडची. आमचं शहर तेव्हा औरंगाबाद होतं आणि सगळ्या बाजूंनी पसरत होतं; त्यांच्या शेतापर्यंत पोहोचलं तेव्हा शेताचे प्लॉट झाले. वडील गेल्यावर दोघा भावांनी रीतसर वाटणी केली. फक्त रस्त्यालगतचा एक प्लॉट सामाईक ठेवला आणि त्यावर ही खोली बांधली. थोरले नव्या घरांचे नकाशे काढून देत. धाकटा बोअरची कामं बघायचा: कुठं पाडायची, कुठं पाडू नये. शहर वाढत होतं म्हणून एकाला काम होतं, पाणी नव्हतं म्हणून दुसऱ्याला. चांगला कॉम्प्युटर एकच परवडणार होता. नकाशांना विंडोज हवी होती, विलासच्या कामाला लिनक्स.

"वाटणी करून द्या, मॅडम," दत्तात्रयराव म्हणाले. "आमच्यात रीत हाय. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा."

मी डिस्कचा नकाशा पडद्यावर उघडला. दत्तात्रयरावांनी चष्मा लावला.

"एक टीबीची म्हणून घेतली, इथं तर नऊशे एकतीसच जीबी दिसायलेत. बाकीची कुणी नेली?"

"कुणी नेली नाही. कारखानावाले हजारानं मोजतात, कॉम्प्युटर एक हजार चोवीसनं मोजतो."

"मंजी गुंठ्यात घ्यायची आन् एकरात मोजायची," विलास म्हणाला.

थोरल्यांनी बरोबर मधोमध रेघ मारायला सांगितली. धाकट्यानं शेवटाकडचा अर्धा भाग उचलला. तेवढ्यात दोघांचीही नजर सुरुवातीच्या एका बारीक पट्टीवर गेली.

"ही कुणाची?"

"कुणाचीच नाही. यंत्र चालू झालं की आधी इथं येतं. विंडोजची किल्लीही इथंच असते, लिनक्सचीही."

"मंजी सामाईक. किती हाय?"

"शंभर एमबी."

"येवढी कशाला?" असं दोघांनी एकदमच विचारलं. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच. शंभर एमबी म्हणजे त्या डिस्कचा नऊ-साडेनऊ हजारावा हिस्सा, आणि त्या वेळी तेवढी पट्टी पुरत असे. मी ती तशीच ठेवली.

एक गोष्ट तेव्हाच दोघांना बजावली होती. लिनक्सला विंडोजची जागा दिसते आणि वाचताही येते. विंडोजला लिनक्सची जागा वाचता येत नाही. तिच्या नकाशात तो भाग दिसतो, पण त्याला नाव नसतं, सी किंवा डी असं अक्षरही नसतं. विलासला हे फार आवडलं. पुढं तीन वर्षं तो थोरल्यांच्या नकाशांतल्या चुका त्यांच्या आधी काढायचा, आणि हा बघतो कुठून हे त्यांच्या ध्यानात यायचं नाही.

त्या शनिवारी काय झालं होतं ते आता सांगते. नकाशांच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली होती आणि तिला नवी विंडोज हवी होती. दत्तात्रयरावांनी ओळखीतून पेन ड्राइव्ह आणला. विंडोज म्हणाली, जागा कमी आहे. त्यांनी डिस्कचा नकाशा उघडला. आपला भाग भरलेला, आणि शेजारी तेवढाच मोठा भाग बिननावाचा. त्यांनी तो काढून टाकला, आपल्याला जोडून घेतला आणि अपग्रेड पुन्हा सुरू केलं. ते काही मिनिटांतच इंग्रजीत कसलीशी ओळ दाखवून थांबलं. मग सगळेच करतात ते त्यांनी केलं: बंद करून चालू केलं. ही चूक त्यांना भोवली. चालू करताना जी दोन नावं पडद्यावर येतात ती यादी विलासच्या जागेत ठेवलेली असते. ती जागाच गेल्यावर यादी कुठून येणार? धाकट्याचं गेलं आणि थोरल्यांचंही दार लागलं.

"नाव नव्हतं, मॅडम," ते मला म्हणाले. विलासकडे ते बघत नव्हते. "अक्षर नव्हतं. मला वाटलं पड हाय."

"पड?" विलास उठून उभा राहिला. "तीन उन्हाळे फिरलो मी! एकेका बोअरवर उभा राहून किती फुटाला खडक, किती फुटाला पाणी लिहून घेतलं. ती पड? लोक बांध कोरतात, दादा. तू वावरच घेतलंस."

"मुद्दाम केलं का मी?"

"मुद्दाम केलं असतंस तर मला विचारून केलं असतंस!"

या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण त्या वेळी खोलीत सगळ्यांना तो लागला.

सोमवारी संध्याकाळी गारखेड्यातली एक सोसायटी बोअर कुठं पाडायची ते ठरवणार होती. त्यांच्याकडे पैसे एकाच बोअरपुरते होते. ती कोरडी गेली तर पावसाळ्यापर्यंत टँकरवर काढायचं. त्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक बोअरची नोंद विलासकडे होती आणि ती फक्त त्या डिस्कवर. वेगळी नक्कल ठेवलेली नव्हती. तीन वर्षांत मी त्याला चारदा सांगितलं होतं.

"सापडलं नाय ना," तो म्हणाला, "तर या खोलीत मी मधी भिंत घालतो. प्लॉट बी वाटून घिऊ. सामाईक कायच नको."

आक्का खुलताबादला राहतात. चिंच फोडून दोघा भावांच्या घरी द्यायला त्या सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. दोन पिशव्या होत्या, आणि बघताक्षणी कळत होतं की वजन करून भरलेल्या आहेत.

मी सांगितलं, की आता या यंत्राला कुणी हात लावायचा नाही. डिस्क काढून मी घरी नेते. यावर नवीच अडचण निघाली. विलास सोबत यायला निघाला तर दत्तात्रयराव म्हणाले, त्यात माझे बी नकाशे हायेत. दत्तात्रयराव निघाले तर विलास नुसता हसला.

"मी जाते," आक्का म्हणाल्या.

हर्सूलहून गारखेडा म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. ऊन मी म्हणत होतं. आक्का स्कूटीवर मागं बसल्या आणि डिस्क त्यांनी पदरात गुंडाळून दोन्ही हातांनी पोटाशी धरली. प्रत्येक गतिरोधकाला मला मागून ऐकू येत होतं, "हळू, ताई, हळू."

घरी आल्यावर मी पाणी विचारलं. "अर्धाच गिलास द्या," त्या म्हणाल्या. त्या दोन-तीन वर्षांत कुणाकडेच कुणी भरलेला पेला मागत नसे. आमच्या खिडकीत कूलर होता, पण त्यात ओतायला पाणी नव्हतं. नुसता पंखा म्हणून चालायचा. डिस्क तापू नये म्हणून तो मी तिच्याकडे वळवला.

अशा कामात पहिली पायरी म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल करायची आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करायचे. मोठ्या डिस्कला यात कित्येक तास जातात. नक्कल चालू असताना आक्का पडद्यावरचा नकाशा बघत बसल्या.

"ह्यात इलासचं कुठं हाय?"

मी समजावून सांगितलं. ही माणसं शेतातली, म्हणून शेतातलंच उदाहरण दिलं. डिस्कच्या सुरुवातीला सातबारासारखा एक उतारा असतो: इथून इथवर याचं, तिथून तिथवर त्याचं. दत्तात्रयरावांनी काढलं ते उताऱ्यावरचं नाव. उतारा खोडला म्हणून शेतातलं पीक लगेच जात नाही. दुसऱ्या कुणी त्यावर नांगर घालेपर्यंत ते तसंच उभं असतं.

"मग दत्तूनं नांगर घातला का?"

"तेच बघायचंय. नवी विंडोज पसरली असेल तर घातला."

"आन् ही चिंधी कुणाची?" त्यांनी त्या बारीक पट्टीवर बोट ठेवलं.

"ती दोघांची. तिला नाव नाही. दोघांचं दार तिथून उघडतं."

आक्का हसायला लागल्या, आणि बराच वेळ हसल्या. "बहीण म्हणा की मग!" मग त्यांनीच सांगितलं. वाटणीच्या वेळी त्यांनी हक्कसोडावर सही दिली होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती, आणि दिल्याचं दुःखही त्या सांगत नव्हत्या. "माझं नाव निघालं. पण दोघांचं वाजलं की फोन मलाच येतो. दोघं बी एकच म्हणतात, आक्का, तू ये."

त्या रात्री आक्का माझ्याकडेच राहिल्या. रविवारी सकाळी मी नकलेवर काम सुरू केलं. आधी बघितलं अपग्रेड का थांबलं होतं ते. कारण त्या पट्टीतच निघालं. नवी विंडोज आपल्या फायली उतरवण्याआधी ही पट्टी तपासते. तिला तिथं स्वतःची किल्ली ठेवायला थोडी जागा हवी असते, पंधरा-एक एमबी. तीन वर्षांत दोन्ही सिस्टिमनी आपापलं किडूकमिडूक तिथं आणून टाकलं होतं आणि पट्टी भरली होती. पंधरा एमबीही शिल्लक नव्हते. जागा नाही म्हटल्यावर विंडोज दारातूनच परत फिरली. ती पट्टी मोठी असती, तर विलासच्या नोंदींवर नवी विंडोज पसरली असती.

आता फक्त जुनी हद्द शोधायची होती. लिनक्सची एक सवय मला तेव्हापासून फार आवडते. आपल्या जागेची खूण ती एकाच ठिकाणी ठेवत नाही; हद्दीचा दगड पुरावा तसा त्याच मजकुराचा दगड ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा पुरून ठेवते. जोडून घेताना शेवटचा कोपरा विंडोजनं थोडा पुसला होता. पण एक दगड सापडला, मग दुसरा, आणि त्यांच्यातलं अंतर जुळलं. खोडलेली हद्द मी पुन्हा लिहिली.

दोघे भाऊ दहाच्या सुमारास आले, वेगवेगळ्या गाड्यांवर. कॉम्प्युटर विलासनं सोबत आणला होता. विलास स्टुलावर बसला आणि एकेक फाइल उघडू लागला.

"गारखेडा हाय," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "सातारा परिसर हाय. पडेगाव हाय."

"आन् हर्सूल?" दत्तात्रयरावांनी मागून विचारलं.

"हाय. तुझ्या घरची बोअर बी हाय. साडेतीनशे फूट, कोरडी."

"ती ल्ह्यायची काय गरज होती?"

यावर आक्कांना पुन्हा हसू आलं, आणि मग विलासलाही. सगळंच मिळालं असं मी म्हणणार नाही. एका वर्षाचे फोटो त्या पुसलेल्या कोपऱ्यात होते. बोअरमधून निघालेल्या मातीचे, मुरमाचे, फुटाफुटाला काढलेले ते फोटो मला आणता आले नाहीत. विलास ते कधी बोलून दाखवत नाही, पण मला माहीत आहे की तसे फोटो पुन्हा काढता येत नसतात. आकडे मात्र सगळे आले. सोमवारी त्यानं सोसायटीला गेटजवळची जागा नको म्हणून सांगितलं आणि मागच्या बाजूला बोअर घ्यायला लावली. पाणी लागलं. फार नाही, पण वापरायला पुरेल इतकं लागलं.

त्याआधी रविवारीच डिस्क नव्यानं मांडायची होती. मी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, की अपग्रेड पाहिजे असेल तर पट्टी वाढवावी लागेल. आता तिच्यात आणखी एक जीबी घालू, म्हणजे पुढं अडणार नाही. ती कुणाच्या वाट्यातून घ्यायची?

तीन वर्षांपूर्वीचं आठवून मी वादाची तयारी ठेवली होती.

"माझ्यातनं घ्या," दत्तात्रयराव म्हणाले. "चूक माझी हाय."

"कशाला?" विलास म्हणाला. "उद्या मला आयकवशील, मी दिली म्हणून. अर्धी माझ्यातनं घ्या, ताई. बरोबर अर्धी."

मग मी प्रत्येक भागाला विंडोजमध्येही दिसेल असं नाव दिलं. विंडोजला लिनक्सच्या जागेचं नाव वाचता येत नाही, म्हणून विलासच्या भागाच्या तोंडाशी विंडोजला कळेल असा एक चिमुकला तुकडा ठेवला आणि त्याला त्याचं नाव लावलं. शेतात शिरतानाची पाटी असते तसा. दत्तात्रयरावांनी ते तीनदा वाचून बघितलं.

"आन् ह्या पट्टीला?"

"आक्का द्या," विलास म्हणाला.

"माझं नाव लावू नका रे बाबांनो," आक्का म्हणाल्या. "उद्या परत सही मागाल."

तरी लावलं. इंग्रजी मोठ्या अक्षरांत ते छान दिसत होतं. दुपारी अपग्रेड सुरू केलं. पट्टी तपासायची वेळ आली तेव्हा चौघंही पडद्याकडे बघत होतो. ते न थांबता पुढं गेलं. चालू केल्यावर दोन्ही नावं आली, घड्याळाची वेळही मी दोन्हीकडे जुळवून ठेवली होती. हर्सूलच्या खोलीत भिंत झाली नाही. पुढं त्यांनी दोन वेगळे लॅपटॉप घेतले, जो तो आपापला सांभाळतो, आणि खोली अजून एकच आहे. मीही आता मोठी कामं घेत नाही. डिस्कही हल्ली वेगळ्या आल्या आहेत; त्यांच्यात खोडलेलं बहुतेक वेळा परत मिळत नाही.

निघताना हिशेब झाला तो असा. मला मिळाले बाराशे रुपये: सहाशे दत्तात्रयरावांकडून, सहाशे विलासकडून. आक्कांना मिळाली एक जीबी: पाचशे बारा एमबी थोरल्याच्या वाट्यातून, पाचशे बारा धाकट्याच्या.